गादीत शिवलेलं वाद्य

गादीवाल्यानं सहावी खुर्ची टेबलाशी सरकवली, घाम पुसला आणि एक पाय दाराबाहेर टाकल्यावर त्याला काहीतरी आठवलं.

"ताई, एका गादीत ते रबराचं होतं ना, ते टाकलं नाही बरं का मी. दुसरा कोणी असता तर फेकून मोकळा झाला असता. मी म्हटलं, कुणाच्या तरी कंबरेसाठी घातलं असेल. होतं तसं आत बसवलं आणि वरून नवं कापड ठोकलं."

थोरली हातात कपबशा घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

"कुठल्या खुर्चीत?"

"ते आता कसं सांगू? सगळ्या अगदी सारख्या करा म्हणाला होतात तुम्ही." त्यानं सहाही खुर्च्यांवरून कौतुकानं नजर फिरवली. "झाल्यात की नाही? आता मलासुद्धा ओळखू येणार नाही."

आणि आपल्या कामावर खूश होऊन तो जिना उतरून गेला.

थोरलीनं कपबशा टेबलावर ठेवल्या, कारण त्या वाजायला लागल्या होत्या. पाहुणे यायला जेमतेम अर्धा तास उरला होता.

त्या रबराच्या वस्तूला घरात 'वाद्य' म्हणत. तळहाताहून थोडी मोठी गुलाबी पिशवी, आत स्पंज, तोंडाशी चपटी नळी. वर कोणी बसलं की नळीतून असा काही आवाज निघे, की बसणाऱ्याचं पोट आज अगदीच हाताबाहेर गेलंय असं वाटावं. उठलं की स्पंज फुगून पिशवी पुन्हा तयार. असल्या पिशव्या खेळण्यांच्या दुकानात कुठेही मिळतात. पण बाबा वजनकाटे दुरुस्त करत असत, आणि हाती आलेली वस्तू आहे तशी ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पिशवीखाली एका जुन्या काट्यातली स्प्रिंग अशी बेतून बसवली होती, की बायको किंवा मुली बसल्या तर वाद्य मुकं राहावं आणि भरल्या अंगाचा पुरुष बसला तरच बोलावं. आवाजावरही त्यांनी मेहनत घेतली होती. तो आधी दमदार निघे, मध्ये क्षणभर विचारात पडे आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा वर जाऊन संपे.

घरात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक भरल्या अंगाच्या पुरुषाला बाबा मोठ्या अगत्यानं त्याच खुर्चीवर बसवत. चुलत बहिणींचे होणारे नवरे, बँकेचे मॅनेजर, डॉक्टर, कोणी सुटलं नव्हतं. आवाज झाला की बाबा अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "असू द्या, असू द्या. आपलंच घर समजा." जो हसला तो या घरात कायमचा रुजू झाला. जो रागावला त्याला चहा मिळे, पण दुसऱ्यांदा बोलावणं जात नसे. बायकांना मात्र ते त्या खुर्चीजवळ फिरकू देत नसत. कोणी चुकून बसायला गेलीच, तर धावत जाऊन दुसरी खुर्ची पुढे करत.

बाबा जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्यानंतर त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. गादीत वाद्य आहे हे कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं, किंवा कोणाला ध्यानात ठेवायचं नव्हतं.

आणि आज येणार होत्या मेट्रनबाई.

धाकटीचं आणि त्यांच्या मुलाचं आपसात केव्हाच ठरलं होतं. मुलगा चांगला होता, शांत होता, पण आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. त्याच्या आई एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या व्हरांड्यातून चालत आल्या की मोठमोठे डॉक्टर कोटाची बटणं लावत, असं मुलगा अभिमानानं सांगायचा. बाबांची कीर्ती कुठून तरी त्यांच्या कानावर गेली होती. "मुलगी चांगली आहे," त्या मुलाला म्हणाल्या होत्या, "पण घर थिल्लर आहे असं ऐकलंय. मी एकदा स्वतः बघून येते. मग हो की नाही ते सांगते." हे वाक्य मुलानं धाकटीला सांगितलं, धाकटीनं थोरलीला सांगितलं आणि या दोघींच्या आईनं ते दाराआडून ऐकलं. म्हणून तर भिंतींना रंग लागला, पडदे धुतले गेले आणि खुर्च्यांवर गडद निळं, गंभीर कापड चढलं.

"ताई, तुझा चेहरा असा का झालाय?" धाकटीनं केसात पिना खोचत विचारलं.

थोरलीनं सांगितलं. पिना खाली पडल्या.

आई स्वयंपाकघरातून आली, बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे काका गॅलरीतून आले. काका अंगानं छत्रीच्या काडीसारखे, पण सल्ल्याच्या बाबतीत भरभक्कम.

"घाबरताय काय? बसून बघू. वाजेल ती खुर्ची उचलायची आणि आतल्या खोलीत टाकायची. हाय काय नि नाय काय!"

चौघं टेबलाभोवती बसले. उठले, एकेक खुर्ची सोडून पुन्हा बसले. सहाही खुर्च्यांवर बसून झालं. एकीनंही हूं की चूं केलं नाही.

"भावोजी, जरा जोरात बसा ना."

"वहिनी, याहून जोरात बसलो तर माझं हाड वाजेल."

"बाबांची स्प्रिंग आहे ती," थोरली म्हणाली. "आपल्या वजनाला दाद देणार नाही."

"मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींना बोलावू?" धाकटी म्हणाली. "त्या चांगल्या..."

"आणि काय सांगशील? वहिनी, तुम्ही वजनदार आहात, जरा खाली येऊन आवाज होईपर्यंत बसा?"

"मग त्यांच्या नवऱ्याला सांगू. तो तर आनंदानं येईल. वर चार लोकांना सांगेल, मला खास बोलावलं होतं म्हणून."

"तो कामावर गेलाय."

आईनं कपाळाला हात लावला. खुर्च्या बाहेर काढाव्यात तर सोफा तिघांपुरता. सुरी घेऊन गाद्या फाडाव्यात तर नवं कापड, आणि खालून खिळे ठोकलेले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडाव्यात तर मेट्रनबाई म्हणतील, यांच्याकडे बसायलासुद्धा धड नाही.

थोरली ग्रंथालयात नोकरी करत असे. तिनं कपाटातले शब्दकोशाचे जाडजूड खंड काढले आणि काकांना खुर्चीवर बसवून त्यांच्या मांडीवर एकावर एक रचले. काका खंडांच्या आड दिसेनासे झाले.

"काही वाजतंय का?" आतून क्षीण आवाज आला.

"नाही. पुढची खुर्ची."

दुसरी खुर्चीही निर्दोष निघाली. तिसरीकडे जाताना काकांच्या हातून 'क' ते 'घ' निसटला आणि त्यांच्याच पायावर पडला. ते एका पायावर नाचत असतानाच दाराची घंटा वाजली. आईनं घाईघाईनं खुर्च्या टेबलाभोवती नीट लावल्या. इतक्या नीट, की तपासलेल्या दोन कुठल्या हे तिलाही सांगता येईना.

"हे बघा," काका पाय चोळत कुजबुजले. "पाहुण्यांत जो कोणी अंगानं थोराड असेल त्याला सोफ्यावर न्यायचं. सुकड्यांना खुर्च्या. आणि चुकून माकून वाजलंच..."

"पुरुष बसला तर हसण्यावारी नेता येईल," आई म्हणाली. "देवा, बसायचाच असेल तर पुरुष बसू दे."

दार उघडलं. आधी मुलगा आला, तो सडपातळ होताच. मागून त्याचे वडील आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वतः ते चष्म्याच्या काडीइतकेच बारीक होते. हसरे, अघळपघळ गृहस्थ. त्यांच्या मागे दाराची चौकट भरली. मेट्रनबाई उंच, भारदस्त, खांदे सरळ. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि काकांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"या, या. सोफ्यावर बसा ना आरामात," आई म्हणाली.

"सोफा नको. कंबरेला चालत नाही. सरळ पाठीची खुर्ची बरी."

"सोफासुद्धा तसा सरळच आहे," काका म्हणाले.

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. काका सोफ्यावर बसले.

बाईंनी टेबलाकडे जाऊन एक खुर्ची ओढली. थोरली भिंतीला टेकली. मेट्रनबाई बसल्या. गादी दबली. नवीन कापड किंचित कुरकुरलं, एवढंच. धाकटीनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

"घर छान ठेवलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण पंख्याचा वारा थेट मानेवर येतोय."

"पंखा बंद करते!"

"कशाला? मीच सरकते की."

त्या उठल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. आईनं डोळे मिटले. काही नाही. दोन झाल्या, उरल्या चार, थोरलीच्या मनात आलं. पण आता त्या जागच्या हलणार नाहीत असं वाटत होतं. त्या प्रश्न विचारू लागल्या. धाकटीचं शिक्षण किती, नोकरी काय, सकाळी किती वाजता उठतेस. धाकटी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होती. मुलगा तिच्याकडे बघून मान हलवत होता. सगळं बरं चाललं होतं. मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावरची एक घडी उलगडल्यासारखीही वाटली.

मग त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि त्या जवळून बघायला उठल्या.

"हे तुमचे यजमान?"

"हो."

"चेहरा गंभीर आहे की चांगला."

"हो," आई म्हणाली. "फोटोत."

मेट्रनबाईंनी पुन्हा एकदा फोटो निरखला, मागे वळल्या आणि हाताशी होती त्या खुर्चीवर बसल्या.

वाद्य बोललं. इतके महिने तोंड बंद करून बसावं लागल्याचा सगळा राग काढल्यासारखं बोललं. आधी दमदार, मग मध्ये ती विचारात पडल्यासारखी शांतता, आणि कोणाला वाटावं संपलं, तोच तो शेवटचा, वर जाणारा प्रश्न.



 तो आवाज थोरलीनं शेवटचा ऐकला तेव्हा बाबा याच टेबलाशी उभे होते. तिला आता आलं ते हसू होतं की दुसरं काही, हे बघायला वेळ नव्हता. मेट्रनबाई ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या मानेवरून लाली हळूहळू वर चढत होती. मुलगा छताकडे बघत होता. धाकटीचा चेहरा नव्यानं रंगवलेल्या भिंतीसारखा झाला होता. सात माणसं एका खोलीत जिवाच्या आकांतानं काहीही ऐकलं नसल्याचं दाखवत होती.

"रस्त्याचं काम चाललंय ना सध्या," काका म्हणाले. "दिवसभर नुसते आवाज..." आणि त्यांनी जीभ चावली.

"चहा!" आई जवळजवळ ओरडली.

थोरलीला एकाच वेळी दोन गोष्टी दिसत होत्या. खरं सांगावं, तर 'तुम्हाला आम्ही असल्या खुर्चीवर बसवलं' असं म्हणावं लागणार. घर थिल्लर आहे की नाही, हे बघायला आलेल्या बाईला याहून वेगळा पुरावा काय हवा? गप्प बसावं, तर एका भल्या बाईची, काही न करता, सात माणसांत जन्माची फजिती. धाकटी तिच्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होती, बोलू नकोस. थोरली बोलली नाही.

आईनं चहाचा कप पुढे केला. तो घ्यायला मेट्रनबाईंना थोडं पुढे वाकावं लागलं. त्या वाकल्या आणि गादीतून एक छोटा, आर्जवी सूर निघाला. त्यांचा हात हवेतच थांबला. कप त्यांनी घेतला नाही.

तेवढ्यात सोफ्यावरून चष्मेवाले खाकरले.

"माफ करा हं मंडळी. माझंच ते. सकाळपासून पोट जरा नाराज आहे."

 मग काका असे हसले, की सोफा हलला.

"अहो साहेब, त्यात माफी कसली! चालायचंच! पोट आहे म्हटल्यावर बोलणारच ते!" त्यांनी चष्मेवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. "आमच्या हापिसात एक हेडक्लार्क होते. त्यांचा आवाज आला की लोक घड्याळ लावायचे."

"आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं," चष्मेवाले रंगात आले. "डोळे तपासताना खालची बारीक अक्षरं वाचायला जोर लावतं, आणि..."

मुलगा हसला. सुटका झाल्यासारखी आईही कसंनुसं हसली. बिस्किटांची बशी फिरली. किती मोकळे आहेत तुमचे वडील, असं काका मुलाला दोनदा म्हणाले. खोलीतली हवा एकदम निवळली, आणि सोफ्यावरचा तो काडीएवढा माणूस बघता बघता मैफलीचा बुवा होऊन बसला.

थोरली मात्र मेट्रनबाईंकडे बघत होती. लाली उतरली होती. तिच्या जागी जे आलं होतं ते त्याहून वाईट होतं.

चष्मेवाल्यांच्या हाताला बिस्किटाचा चुरा लागला म्हणून ते हात धुवायला आत गेले. बेसिन घराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. आणि नेमकं तेव्हाच मेट्रनबाईंनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

हा मधला होता. ना फार मोठा, ना छोटा. पण स्पष्ट.

या वेळी घ्यायला कोणी नव्हतं. काकांनी दाराकडे पाहिलं, नळ चालूच होता. त्यांनी हात वर केला.

"हा माझा."

"नाही, माझा," मुलगा म्हणाला.

"अरे, तू कशाला? तुझं वय आहे का?"

"मीच काका, खरंच."

"पुरे!"

वॉर्डात ज्या आवाजानं ट्रे हातातून पडत असतील तो आवाज होता. काका सरळ झाले. आत नळ बंद झाला आणि चष्मेवाले ओल्या हातांनी दारात आले.

"काय हो, या घरातल्या समस्त पुरुषांची पोटं एकदम बिघडली? खुर्चीवर मी बसलेय. आवाज माझ्याखालून आला. सगळ्यांनी ऐकला. माझा होता तोवर तुमचे चेहरे कसे झाले होते? कोणी गेल्यासारखे! आणि यांनी आपल्या अंगावर घेतला मात्र..." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "हे लगेच मोकळे! हे मोठ्या मनाचे! पाठीवर थाप काय, बिस्किटं काय!"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काय केलंत? हिच्या हातून गुन्हा घडलाय, पण मी पांघरूण घालतो, हेच ना? आणि मी काही केलेलंच नाही! मला काय कळत नाही माझं माझं?"

थोरली भिंतीपासून पुढे झाली. धाकटीनं तिचा हात धरला. तो तिनं हळूच सोडवला.

"तुम्ही काहीच केलेलं नाही," ती म्हणाली. "खुर्चीचा आवाज आहे तो. माझ्या बाबांची खुर्ची आहे."

आणि तिनं सगळं सांगितलं. पिशवी, स्प्रिंग, पुरुषांची परीक्षा, गादीवाला, शब्दकोशाचे खंड. 'क' ते 'घ' पर्यंत काही लपवलं नाही. आई खाली मान घालून ऐकत होती. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण आता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मेट्रनबाईंनी आपल्या खुर्चीची गादी चाचपली.

"फक्त पुरुषांना बसवायचे?"

"हो."

"बायकांना का नाही?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, पुरुषाखाली वाजलं की विनोद होतो, बाईखाली वाजलं की बातमी होते. मी म्हटलं, हे बरोबर नाही बाबा. तर म्हणाले, नाहीच आहे बरोबर. पण पहिल्या बाईला त्या खुर्चीवर बसवायची माझी छाती नाही."



"माझं सगळं आयुष्य सर्जरीच्या वॉर्डात गेलं," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "पोटाचं ऑपरेशन झालं की आम्ही याच आवाजाची वाट बघायचो. तो आला म्हणजे आतडं चालू झालं. मगच पेशंटला जेवायला द्यायचं. पुरुष काय, आख्ख्या वॉर्डाला ऐकवायचे. वर 'सिस्टर, ऐकलं का?' टाळ्या पडायच्या हो! आणि बायका? मी विचारलं की उशीत तोंड घालायच्या. 'नाही सिस्टर, काही नाही झालं.' खोटं! लाजेपायी खोटं. आणि मग उपाशी राहायच्या. पुरुष पेज पिऊन बसलेले, आणि शेजारच्या वॉर्डात बायका नुसत्या पाण्यावर. पाद हा शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून."

त्यांनी तो शब्द इतक्या साधेपणानं उच्चारला, की काकांनी बशीकडे बघितलं.

"परीक्षेत पास कोण व्हायचं?"

"जो हसेल तो," थोरली म्हणाली.

"म्हणजे मी नापास."

त्यांनी सगळ्यांवरून बोट फिरवलं.

"आणि तुम्ही? मी वाजवलं तेव्हा कोण हसलं? एकही नाही. परीक्षा तुमचीच आहे, आणि तुमच्यातलं कोणी पास नाही. पुन्हा घेते."

त्या उठल्या. स्पंजाला फुगायला वेळ दिला. मग सगळ्यांकडे एकदा बघून पुरत्या वजनानिशी बसल्या. वाद्यानं आपलं सर्वस्व ओतलं.

"हं?" मेट्रनबाई म्हणाल्या.

काका हसले. धाकटी हसली. मुलगा हसला. सरकारी कार्यक्रमात पाहुणा विनोद करतो तेव्हा हसतात तसे.

"हा खोकला झाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "ठीक आहे. निघतो आम्ही. काय ते नंतर कळवते."

त्या 'नंतर'चा अर्थ सगळ्यांना कळत होता. मुलानं काही बोलायला तोंड उघडलं, आपल्या आईकडे पाहिलं आणि मिटलं. धाकटी त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. चहाचे कप तसेच होते, मेट्रनबाईंच्या कपावर साय धरली होती. सगळे मुकाट्यानं दारापर्यंत आले. 

"या पुन्हा," आई म्हणाली, आणि ते तिचं तिलाच इतकं केविलवाणं वाटलं, की तिनं पुढचं वाक्य गिळलं.

चष्मेवाल्यांनी बूट घातले. मेट्रनबाई चपलेचा पट्टा लावायला भिंतीला हात टेकून खाली वाकल्या.

आसपास एकही खुर्ची नव्हती. आवाज लहानसाच झाला. ना त्यात मध्ये विचार, ना शेवटी प्रश्न. एक साधं, सरळ, पूर्णविराम असलेलं विधान.

 चष्मेवाल्यांनी जुन्या सवयीनं घसा साफ केला.

"माफ करा हं, माझंच..."

"गप्प बसा," मेट्रनबाई वाकलेल्याच अवस्थेत म्हणाल्या. "हा माझा."

आणि आई हसली.

आधी नुसता नाकातून एक फुसकारा बाहेर पडला. तिनं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून निसटलं. मग तिला आवरेना. ती दाराची कडी धरून, कमरेत वाकून हसत होती. "माफ करा... बाई, अहो माफ..." एवढंच तिला म्हणता येत होतं, आणि तेही पुरं होत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा गेल्यापासून या घरात ती अशी हसली नव्हती. धाकटी घाबरून तिला धरायला गेली आणि तीही हसायला लागली.

मेट्रनबाई पट्टा लावून सावकाश उभ्या राहिल्या. त्यांनी आईकडे नीट निरखून पाहिलं, पेशंटकडे बघावं तसं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा थरथरला. तो त्यांनी जागेवर आणायचा प्रयत्न केला, पण दुसराही गेला.

"या पास झाल्या," त्या मुलाला म्हणाल्या. "तारीख तुम्ही दोघं ठरवा. मला नुसती कळवा."

आणि आईच्या खांद्याचा आधार घेऊन त्याही हसू लागल्या. त्या दोघींच्या हसण्यात मधे कसं पडावं हे न कळून पुरुषमंडळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर अवघडून उभी राहिली.

थोरलीनं सवयीनं मागे वळून बाबा उभे असायचे त्या टेबलाकडे पाहिलं. मग ती पुढे झाली आणि पाहुण्यांना पायऱ्या दिसाव्यात म्हणून तिनं जिन्यातला दिवा लावला.